खाडीच्या मधोमध बंद पडणारी म्हातारी

ऐक. नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही, हसायचं असेल तर शेवटी हस, कारण मध्ये कुणी हसलं की मी पुढचं आधीच सांगून टाकते आणि सगळा विचका होतो.

भिंगरी तुला माहीतच आहे. शिलाई मशीन दुरुस्त करते ती. एका जागी बूड टेकेल तर शपथ, म्हणून लहानपणी काकूनं भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि ते असं चिकटलं की आता दुकानाच्या पाटीवरही तेच. तर या भिंगरीचे काका खाडीत होडी चालवतात. या काठावरची माणसं त्या काठाला, त्या काठावरची या काठाला. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स, आणि एक आजी, जी कोंबड्यांच्या खुराड्यासकट चढते. होडीच्या मागच्या फळीला लटकलेलं जे जुनंपानं इंजिन आहे ना, त्याला काका म्हणतात म्हातारी. "म्हातारी आज खुशीत आहे." "म्हातारीला जरा तेल दाखव." काकू म्हणते, "माझ्याशी एवढं गोड बोलला असतात तर मीसुद्धा पाण्यावर चालले असते!"

आणि भिंगरीचा त्या म्हातारीवर अगदी फ्रॉक घालायची तेव्हापासून डोळा. सकाळी होडी चालवायची, दुपारी दुकान उघडायचं, असा तिचा बेत. काकाही म्हणायचे, "माझे हात थकले की होडी वळवायचा दांडा तुझ्या हातात." आता काकांचे हात थकले होते, पाठ तर कधीच थकली होती, पण दांडा काही सुटत नव्हता. आणि सुटायची वेळ आली तेव्हा नेमकं काय झालं, म्हातारी रुसली.

रुसली म्हणजे कशी, ते ऐक. काठावर दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू. आवाज कसा, लोण्यासारखा. सगळे ऐटीत बसलेत, वारा येतोय, आणि बरोब्बर खाडीच्या मधोमध... खुक्. खुक् खुक्. फुस्स. गप्प! काका टोपी काढून डोकं खाजवणार, थोडा वेळ थांबणार, पुन्हा दोरी ओढणार. पुन्हा सुरू! थोडं पुढं गेलं की पुन्हा खुक् खुक्. शेवटी वल्ही काढायची. शाळेतल्या बाई पर्स गळ्यात अडकवून वल्हं मारायला शिकल्या. कोंबड्यांची आजी तेवढी म्हणायची, "माझे हात गुंतलेत बाबा," आणि खुराड्याला मिठी मारून बसायची.

काकांचं म्हणणं एकच. "दमते बिचारी. वय झालं. मला नाही का जिना चढताना मध्ये थांबावं लागत?"

भिंगरी म्हणाली, "काका, इंजिन दमत नसतं. ठिणगी चांगली पडतेय, मी बघितली. तिला पेट्रोल पोचत नाहीये. कुठंतरी अडतंय. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधायचं, बस!"

आता इथं तिची कामाची पद्धत सांगायला हवी. शिलाई मशीन बिघडलं की ती गिऱ्हाइकाकडे जाते आणि मशीनचं वरचं डोकं तेवढं काढून दुकानात आणते. खालचं टेबल, पायटा, ते सगळं तिथंच. कोण वाहून आणणार एवढं लटांबर? दुकानात तिचं स्वतःचं टेबल आहे, त्यावर डोकं बसवलं, दुरुस्त केलं, चालवून बघितलं, परत नेऊन दिलं. इतकी वर्षं तिचं काही अडलं नाही. म्हातारीचंही तिनं तेच केलं. होडीवरून इंजिन सोडवलं, हातगाडीवर घातलं, घरामागच्या अंगणात आणलं, एका जाड फळीला आवळलं, खाली पाण्यानं भरलेलं पिंप, आणि वर भिंतीतल्या खिळ्याला पेट्रोलची बाटली उलटी टांगून तिची नळी थेट इंजिनाला. तोंड खाली, आणि वर आलेल्या बुडाला तिनंच पाडलेलं भोक. दवाखान्यात सलाइन लावतात ना, तसं अगदी!

मग कार्बोरेटर खोलला. आत जुन्या पेट्रोलचा राप, मधासारखा चिकट. ते धुतलं. त्याच्या पितळी जेटला, म्हणजे पेट्रोलच्या तोटीला, बारीक भोक होतं, त्यात सुई खुपसायचा तिला इतका मोह झाला, तू विचारू नकोस, हाताशी शेकडो सुया! पण सुईनं भोक मोठं होतं, म्हणून फुंकून फुंकून साफ केलं. गाल दुखेपर्यंत. फिल्टर बदलला. इंजिनातल्या पेट्रोल ओढणाऱ्या चिमुकल्या पंपातला पातळ पडदा फाटायला आला होता, तो नवा घातला. दोरी ओढली, आणि म्हातारी त्या पिंपात अशी गरजली की काकूच्या दोरीवरचे कपडे ओले. बराच वेळ चालली. थांबायचं नाव नाही!

भिंगरी नाचत नाचत इंजिन होडीवर घेऊन गेली. खाडीच्या मधोमध... खुक्. खुक् खुक्. फुस्स.

परत अंगणात. परत सगळं खोललं, परत जोडलं. पिंपात सिंहीण, खाडीत मांजर. किती वेळा झालं असेल! शेजारचा न्हावी दुकानातून ओरडायचा, "काय भिंगरे, टाके उसवले का गं परत?" आणि ही हसून "हो ना, तुमची जीभ शिवायला दोरा आणायला चाललेय," म्हणायची, पण आतून रडकुंडीला आलेली.

तिनं काकांना एकदा विचारलंसुद्धा होतं, "काका, टाकीच्या झाकणावर तो हवेचा स्क्रू असतो, तो उघडता ना?" म्हणजे बघ, टाकीतलं पेट्रोल जसं कमी होईल तशी वरून हवा आत यायला हवी, नाहीतर पेट्रोल बाहेर यायला नकार देतं. त्यासाठी तो स्क्रू. निघताना उघडायचा, परतल्यावर बंद. काकांनी तिच्याकडे असं बघितलं जणू तिनं विचारलंय, तुम्हाला पोहता येतं का. "तू जन्मायच्या आधीपासून उघडतोय. रोज सकाळी होडीत पाय ठेवला की पहिलं काम ते. मला शिकवतेस?" भिंगरीनं जीभ चावली आणि तो विषय कायमचा सोडून दिला.

आणि एक दिवस काका जेवता जेवता म्हणाले, "बर्फवाला येतोय रविवारी सकाळी. म्हातारी बघायला."

बर्फवाला म्हणजे पलीकडच्या धक्क्यावरचा. होडीतून बर्फाच्या लाद्या पोचवतो. त्याचंही इंजिन बंद पडलेलं, त्यात त्याचा बर्फ वितळून खाडीला मिळायचा, म्हणून तो जुनं-बिनं कसलंही इंजिन शोधत होता.

भिंगरीनं हातातला घास ताटात ठेवला. "विकणार? माझी म्हातारी?"

"तुझी कधी झाली?" काका म्हणाले, पण मान वर न करता. "रोज वल्ही मारून पाठ गेली, आता हे झेपत नाही. लाल पिंपापर्यंत जाऊन न थांबता परत आली तर तो नेणार. मी शब्द दिलाय. मध्ये बंद पडली तर त्याला नको, आणि मलाही नको. मग घाल तुझ्या घशात. तुझीच."

लाल पिंप म्हणजे खाडीत तरंगतं ना ते, मोठ्या बोटींना वाट दाखवायला. तिथपर्यंत जाऊन यायचं.

म्हणजे आलं लक्षात? चालली तर गेली. बंद पडली तर भिंगरीची! जिनं इतके दिवस ती चालावी म्हणून गाल फुटेस्तोवर फुंकलं, तीच रविवारी सकाळी धक्क्यावर वाकून इंजिनाच्या झाकणाला तोंड लावून कुजबुजत होती, "आज बंद पड हं, शहाणी माझी. एवढंच कर. मग मी आहे आणि तू आहेस."

बर्फवाला आला. काय देह! पांढराशुभ्र शर्ट, हसतमुख, आणि होडीत पाय ठेवल्याबरोबर होडीनं मागच्या बाजूनं बैठकच मारली. "मला मागंच बसू द्या हो दादा, इंजिनाचा आवाज कानानं ऐकायचाय," म्हणाला. आता काका दांड्याशी, बर्फवाला काकांच्या शेजारी, मागं जागा कुठली? भिंगरी नेहमी तिथंच बसते, इंजिनाला चिकटून, कान लावून. काका म्हणाले, "तू मधल्या फळीवर जा गं, नाहीतर आपण तिघं आभाळाकडे बघत जाऊ." ती पाय आपटत मधल्या फळीवर जाऊन बसली.

काकू धक्क्यावरून डबा द्यायला आलेली. डबा ठेवला, मधल्या फळीखालच्या टाकीवर तिनं शिवलेली रेक्झिनची खोळ नीट केली, आणि "सांभाळून हो," म्हणून उतरली.

दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू. काय आवाज! बर्फवाल्याचे डोळे मिटले, मान डोलायला लागली. "वा, दादा! अगदी तरणीबांड!" धक्का मागे पडला, माणसं लहान झाली, आणि म्हातारी नुसती पळतेय, पळतेय. भिंगरी मनात म्हणतेय, अगं पड ना बंद, पड ना!

खुक्.

भिंगरीनं डोळे मोठे केले.

खुक् खुक्. फुस्स.

शांत. होडीवर पाण्याची नुसती चुबुक चुबुक. भिंगरीला उडी मारावीशी वाटली, आणि काकांकडे लक्ष गेलं म्हणून ती बसून राहिली. काकांनी टोपी काढली नाही, डोकं खाजवलं नाही. म्हातारीच्या झाकणावर हात ठेवला, आणि परक्या माणसासमोर स्वतःच्या घरातलं कुणी वेडंवाकडं वागलं की आपण जसे हसतो ना, तसे हसले. "दमते हो. वय झालं तिचं."

बर्फवाला भला माणूस. म्हणाला, "असू दे हो, दादा. होतं असं. पण मग मला नको. माझं एक बंद आहेच, दुसरं बंद घेऊन त्यांचं काय लग्न लावू?"

म्हणजे जिंकली की भिंगरी! इंजिन तिचं! तिनं आनंद लपवायला मान खाली घातली. आणि खाली काय, तर नळी. टाकीपासून इंजिनाकडे जाणारी. तिच्या मध्ये तो रबरी फुगा असतो बघ, मुठीएवढा, सुरुवातीला दाबून पेट्रोल पुढं ढकलायला. तो फुगा चपटा झाला होता. दोन्ही गाल आत! बोळक्या तोंडानं कुणी काहीतरी जोरात चोखतंय, तसा.

भिंगरी बघतच राहिली. तिनं हा फुगा असा कधी पाहिलाच नव्हता. पाहणार कसा? होडीत ती कायम मागं, इंजिनात डोकं घालून. आणि अंगणात तर फुगा नाही, टाकी नाही, काहीच नाही, नुसती खिळ्यावरची बाटली! डोकं तेवढं घरी आणलं आणि टेबल खाडीत ठेवलं. बिघाड सगळा टेबलात!

इंजिन ओढतंय आणि टाकी देत नाहीये. का देत नाहीये? तिचा हात आपोआप खोळीखाली गेला. झाकण चाचपलं. वरचा हवेचा स्क्रू.

घट्ट. अगदी करकचून.

आणि एका क्षणात तिला सगळं दिसलं. काका खरंच रोज सकाळी स्क्रू उघडतात, खोटं कशाला बोलतील? मग डबा घेऊन काकू येते. मध्यंतरी लोक फळीवर बसले की पेट्रोलचा वास येतो म्हणून तिनं टाकीला खोळ शिवली, आणि खोळ नीट करता करता, स्वयंपाकघरातल्या बरण्यांची झाकणं आवळतो तसा हाही सैल राहिलेला स्क्रू ती मायेनं आवळून जाते. रोज! परतल्यावर काका खोळीखाली हात घालून सवयीनं पीळ देतात, तो आधीच घट्ट आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. काकांनी उघडायचा, काकूनं बंद करायचा. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि शाळेतल्या बाई वल्हं मारतायत! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आता बघ हां. हात स्क्रूवर. काका वल्हं काढायला वाकलेत. बर्फवाला घड्याळ बघतोय. नुसतं गप्प बसायचं. काठाला जायचं, काका म्हणणार घे तुझी, आणि उद्या सकाळी आरामात स्क्रू उघडायचा. कुणाला कळणार होतं? खाडीतल्या माशालासुद्धा नाही.

आणि काका वाकल्या वाकल्या म्हातारीला हळूच म्हणाले, बर्फवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून, "असू दे. पुष्कळ केलंस."

भिंगरीनं स्क्रू फिरवला.

फुस्सऽऽऽ! इतका लांब श्वास घेतला त्या टाकीनं! आणि आत ओढले गेलेले पत्र्याचे गाल बाहेर आले, टण्! बर्फवाला दचकून अर्धा उठला, होडी डगमगली, काका ओरडले, "बसा, बसा हो, बुडवाल!" फुग्यानं आपणहून गाल फुगवले. भिंगरीनं तो दोन-तीनदा दाबला, टणक झाला. "काका," ती किंचाळलीच, "ओढा दोरी! ओढा! आता नाही थांबायची ती!"

"तुला कसं माहीत?"

"ओढा तर!"

ओढली. आणि म्हातारी अशी निघाली की बर्फवाल्याची टोपी उडाली, ती पाण्यातून उचलायला वळसा घातला, तरी थांबली नाही. लाल पिंप आलं, त्याला प्रदक्षिणा, तरी थांबली नाही. काका हसतायत, बर्फवाला टाळ्या वाजवतोय, भिंगरी हसतेय आणि डोळे पुसतेय, कारण हसता हसता तिच्या ध्यानात आलं होतं की आत्ताच आपण आपली म्हातारी स्वतःच्या हातानं देऊन टाकली.

"घेतलं!" बर्फवाला ओरडला. "दादा, दुखणं गेलं ना, मग शब्द म्हणजे शब्द!"

काकांचं हसू मावळलं. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. पण दांडा असा धरला होता, जणू कुणी हिसकावून घेईल.

आणि भिंगरी गप्प बसू शकत नाही, हे तर तुला माहीत आहे. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "पण दादा, तुमच्या इंजिनाला झालंय तरी काय?"

"कोण जाणे. सुरू होतं, जरा चालतं, मग ते रबराचं बोंडूक सारखं दाबत राहावं लागतं. दाबणं थांबलं की मेलं. एक हात दांड्यावर, एक हात बोंडकावर, बर्फ काय पायानं उतरवू?"

"दाबून टणक होतं का ते?"

"छे. पावसात भिजलेल्या पावासारखं."

भिंगरी ताडकन उभी राहिली. होडी पुन्हा हलली. "काका, होडी यांच्या धक्क्याला घ्या! आत्ता! आणि मला इंजिन नको, टाकी, नळी, होडी, सगळं जिथं आहे तिथंच बघायचंय!"

बघ, शहाणपण कसं ताजं ताजं वापरलं!

बर्फवाल्याच्या होडीत ती पालथी पडली आणि टाकीपासून नळीवर बोट फिरवत निघाली. फुगा दाबत राहायची आणि बोट पुढं सरकवायची. इंजिनाला नळी जोडतात तिथं, अगदी क्लिपच्या काठाशी, बोटाला ओल लागली. वाकवून बघितलं तर रबराला केसाएवढी चीर. दाबलं की पेट्रोलचा घाम, सोडलं की तिथून हवा आत. इंजिन बिचारं पेट्रोलऐवजी वारा पीत होतं. भिंगरीनं कमरेच्या पिशवीतलं पातं काढलं, चिरकं टोक कापून टाकलं, नळी पुन्हा खोचली, क्लिप आवळली. फुगा दाबला. टणक, कच्च्या पेरूसारखा!

"ओढा."

बर्फवाल्यानं ओढली. भर्रर्र! त्यानं बोंडकावरचा हात काढला. चालूच. दांड्यावरचाही काढला. चालूच. दोन्ही मोकळ्या हातांकडे तो असा बघत राहिला, जणू आत्ताच उगवलेत. होडी बांधलेली होती, म्हणून बरं!

"दादा," काका धक्क्यावरून म्हणाले, अगदी कसनुसं तोंड करून, "शब्द दिलाय मी. म्हातारी घेऊन जा."

"आणि करू काय दोन इंजिनांचं? एक कानाला लावून फिरू?" बर्फवाला खदाखदा हसायला लागला. "न्या हो तुमची म्हातारी! आणि या पोरीला सांभाळा, ही एक दिवस मलाच खोलून साफ करेल!"

परत निघाले तेव्हा भिंगरी सवयीनं मधल्या फळीकडे वळली. काका तिच्या आधी तिथं जाऊन बसले. पाय लांब केले, डबा मांडीवर घेतला. "बघतेस काय? मागं जा. दांडा कोण धरणार, डबा?"

तिनं धरला. होडी सरळ चालली. बऱ्यापैकी सरळ. काका डबा खात मध्ये मध्ये "डावीकडे, भवाने, डावीकडे" ओरडत होते, तेवढं सोड.

काठावर काकूला सगळं सांगितलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे मी एकटीच चोर? एवढे दिवस तुम्ही दोघं इंजिनाचं पोट फाडत बसलात, पण एकानं तरी मला विचारलं, की बाई गं, तू काय आवळतेस? मला काय ठाऊक टाकीला नाक असतं!" आणि मग तीच इतकी हसली की धक्क्यावर बसकण मारली.

आता सकाळी होडी भिंगरीच चालवते. कोंबड्यांची आजी म्हणते, पोरगी जोरात नेते, कोंबड्या अंडी द्यायच्या विसरतात.

पण सांगायचं ते वेगळंच. तो न्हावी परवा तिला म्हणत होता, "तू वेडी गं वेडी. मधोमध हातात आलेलं इंजिन सोडलंस. बर्फवाल्याचं दुरुस्त झालं नसतं तर बसली असतीस टाके घालत!" आणि खरंच आहे ना, त्या क्षणी तिला कुठं माहीत होतं पुढचं? हात स्क्रूवर, काका पाठमोरे, कुणी बघत नाहीये. मी तर विचार करून करून दमले. आता बोल, आता बोललीस तरी चालेल. तू असतीस तर काय केलं असतंस गं?